ऑनलाइन खुर्ची घेताना : आधी स्वतःचे माप, मग खुर्चीचे चित्र



सनाबिस, सीफ, जुफेर भागातल्या आपल्या बहुतेक घरांत २०२० पासून एक नवीन वस्तू आली आहे, ती म्हणजे कॉम्प्युटर टेबलासमोरची चाकांची खुर्ची. त्या वर्षी ऑफिस आणि शाळा दोन्ही घरी आल्या आणि जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर आठ-आठ तास बसून सगळ्यांच्या पाठी धरल्या. पुढे ऑफिसे उघडली, शाळा उघडल्या, पण घरून काम, मुलांचे क्लास आणि संध्याकाळचा अभ्यास कायमचा राहिला. त्यामुळे कोणती खुर्ची घ्यावी हा प्रश्न कार्यक्रमात भेटल्यावर हटकून निघतो. त्याची उत्तरे एका जागी मिळावीत म्हणून हा लेख.

सुरुवात आमच्याच फजितीपासून करतो. आम्ही एका संकेतस्थळावर चित्र आणि तारे पाहून उंच पाठीची, काळ्या रेक्झिनची, 'बॉस' थाटाची खुर्ची मागवली. दिसायला झकास. ती वापरणार होती माझी पत्नी. तिची उंची पाच फूट. खुर्ची सगळ्यात खाली केली तरी तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते, आणि पाठ टेकली तर बैठकीची कडा पोटरीत रुतत होती. मग ती खुर्चीच्या पुढच्या टोकावर बसून काम करू लागली. म्हणजे मागे एवढी मोठी पाठ, आणि तिला टेकायला कोणी नाही! तीन महिन्यांनी कंबर धरली. फिजिओथेरपिस्टने पहिला प्रश्न विचारला, "बसल्यावर पाय खाली टेकतात का?" तोवर खोके फेकून दिलेले होते आणि विक्रेत्याने उघडलेली खुर्ची परत घ्यायला नकार दिला. आता ती खुर्ची आमच्याकडे वाळलेले कपडे ठेवायच्या कामी येते.

यातून शिकलो ते एवढेच : खुर्ची चांगली की वाईट हा प्रश्न दुसरा. ती कोणाच्या मापाची आहे, हा पहिला.

१. घरी घ्यायची पाच मापे

शिंप्याची टेप घ्या, एका कडक, सपाट खुर्चीवर किंवा स्टुलावर ताठ बसा आणि दुसऱ्या कोणाला तरी मापे घ्यायला सांगा. पाय अनवाणी असू द्या. खुर्च्यांची मापे ठरवताना साधारण बूट घातलेला माणूस धरतात, आपण मात्र घरात अनवाणी किंवा पातळ सपाता घालून बसतो. त्यामुळे दोन-तीन सें.मी.चा फरक तिथेच पडतो.

(अ) जमिनीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत उंची. ही तुमची बैठकीची योग्य उंची.
(आ) पाठीच्या मागच्या टोकापासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत लांबी. यातून तीन-चार बोटे, म्हणजे ५ ते ७ सें.मी. वजा करा. जे उरेल ती बैठकीची योग्य खोली.
(इ) बसल्यावर नितंबांची सर्वांत जास्त रुंदी. त्यात ४-५ सें.मी. मिळवा.
(ई) खांदे सैल सोडून कोपर काटकोनात वाकवा आणि बैठकीपासून कोपरापर्यंत उंची मोजा. बहुतेकांची ती २० ते २५ सें.मी. भरते.
(उ) वजन. इथे संकोच नको, काटा जे सांगेल ते लिहा.

पहिल्या मापाचा अंदाज उंचीवरूनही येतो. ते साधारण उंचीच्या पाव असते :

उंची १५० सें.मी. (४ फूट ११ इंच) – बैठक ३७ ते ३८ सें.मी.
उंची १६० सें.मी. (५ फूट ३ इंच) – बैठक ४० सें.मी.
उंची १७० सें.मी. (५ फूट ७ इंच) – बैठक ४२ ते ४३ सें.मी.
उंची १८० सें.मी. (५ फूट ११ इंच) – बैठक ४५ सें.मी.

हा फक्त अंदाज आहे. पाय लांब की धड लांब, हे ज्याचे त्याचे वेगळे असते. म्हणून टेप लावाच.

आपल्या लोकांची मापे वेगळी असतात, हे काही आपले मनाचे खेळ नाहीत. देवकुमार चक्रवर्ती यांनी भारतीयांच्या शरीरमापांचे पुस्तकच तयार केले आणि अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनने ते १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. एकाच मापाची खुर्ची सगळ्यांना चालत नाही, हे परदेशी कंपन्यांनाही ठाऊक आहे. हर्मन मिलर या अमेरिकन कंपनीने १९९४ मध्ये आणलेली एरॉन ही प्रसिद्ध खुर्ची ए, बी आणि सी अशा तीन मापांत मिळते, चपलेसारखी. पण तिची किंमत आपल्यापैकी बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची असते. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या खुर्च्या मात्र एकाच मापात येतात, आणि ते माप बहुधा आपल्या घरातल्या बायकामुलांपेक्षा लांब पायांच्या माणसाचे असते.

२. संकेतस्थळावर कुठला आकडा पाहायचा?

वर्णनात 'सीट हाइट', 'सीट डेप्थ' आणि 'सीट विड्थ' हे तीन आकडे शोधा. चित्राच्या शेवटच्या एक-दोन फोटोंत बाणांसह आकृती असते, ती मोठी करून पाहा.

सीट हाइट : दोन आकडे दिलेले असतात, उदाहरणार्थ ४५ ते ५५. आपल्याला महत्त्वाचा आहे लहान आकडा. तो तुमच्या (अ) मापापेक्षा मोठा असेल तर पाय लोंबणार. फोम बसल्यावर थोडा दबतो, पण तेवढ्यावर भिस्त ठेवू नका.

सीट डेप्थ : हा सर्वांत महत्त्वाचा आकडा, आणि नेमका हाच कोणी पाहत नाही. इथे एक फसगत होते. काही ठिकाणी 'डेप्थ' म्हणून सबंध खुर्चीची खोली (६० ते ७० सें.मी.) दिलेली असते. आपल्याला हवी आहे फक्त बैठकीची, पुढच्या कडेपासून पाठीपर्यंतची. ती तुमच्या (आ) मापापेक्षा मोठी असेल तर खुर्ची सोडून द्या.

असे का, ते सांगतो. उंचीची चूक घरात दुरुस्त करता येते, पायाखाली काही ठेवले की झाले. खोलीची चूक नीट दुरुस्त होत नाही. पाठीमागे जाड उशी ठेवून आपण पुढे सरकू शकतो, पण मग खुर्चीचा कमरेचा टेकू निरुपयोगी होतो, हात मागे राहतात आणि उशी सरकत राहते. उंच माणसाला उलटा त्रास होतो. बैठक आखूड असली की अर्धी मांडी अधांतरी राहते, आणि त्यावर तर उपायच नाही. ज्या खुर्चीची बैठक पुढेमागे सरकवता येते (वर्णनात 'सीट स्लायडर' लिहिलेले असते), ती घरातल्या दोघा-तिघांना चालते. जास्तीचे पैसे द्यायचेच असतील तर मानेच्या टेकूऐवजी यासाठी द्या.

कमरेचा टेकू : वर-खाली होणारा असावा. कमरेच्या पोकळीत, साधारण पट्ट्याच्या किंचित वर तो आला पाहिजे. पक्का बसवलेला टेकू ठेंगण्या माणसाला पाठीच्या मध्यभागी टोचतो.

खुर्चीचे हात : वर-खाली होणारे हवेत. सर्वांत खालची उंची तुमच्या (ई) मापाएवढी किंवा कमी असावी. हात उंच असले की खांदे उचललेले राहतात आणि मान आखडते. शिवाय ते टेबलाच्या फळीखाली जातात की नाही तेही मोजा. जात नसतील तर आपण टेबलापासून लांब बसतो आणि वाकतो.

मागे रेलणे : काटकोनात ताठ बसणे म्हणजे आदर्श बसणे, असे आपल्याला शाळेत शिकवले. पण थोडे मागे रेलल्यावर कण्यावरचा भार कमी होतो. पाठ १०० ते ११० अंशांपर्यंत रेलून तिथे थांबवता येईल अशी खुर्ची पाहा.

३. टेबल विसरू नका

खुर्ची एकटी काम करत नाही. खुर्ची, टेबल आणि पाय या तिघांचे जमले पाहिजे.

आमच्या घरचाच हिशेब पाहा. पत्नीचे (अ) माप ३८ सें.मी. आणि कोपराचे २१ सें.मी. म्हणजे जमिनीपासून कोपर ५९ सें.मी.वर. टेबल मात्र ७४ सें.मी. उंच, बाजारातली बहुतेक टेबले ७२ ते ७५ असतात. खुर्ची तिच्या पायांच्या मापाने ठेवली तर की-बोर्ड कोपराच्या १५ सें.मी. वर, म्हणजे खांदे उचलून टाइप करायचे. खुर्ची टेबलाच्या मापाने ५३ सें.मी.वर ठेवली तर पाय १५ सें.मी. अधांतरी.

यावर तीन मार्ग आहेत :

• खुर्ची टेबलाप्रमाणे उंच करा आणि पायाखाली तेवढ्याच उंचीचे काही ठेवा. बाजारात फूटरेस्ट मिळते, पण लाकडी चौरंग (पूजेचा नव्हे!) किंवा भक्कम खोकेही चालते. फरक थोडाच असेल तर साधा पाट पुरतो. पुस्तकांचा किंवा दिवाळी अंकांचा गठ्ठा मी सुचवणार नाही. पाय लागला की आपल्यालाच चुकल्यासारखे होते.
• टेबलाखाली सरकता की-बोर्ड ट्रे बसवा.
• टेबल स्वतःचे आणि लाकडी असेल तर सुताराकडून पाय कापून घ्या. फर्निश्ड फ्लॅटमधले टेबल घरमालकाचे असते, त्याला करवत लावायच्या आधी विचारा.

लॅपटॉप वापरत असाल तर तो चार-पाच इंच उंचावर ठेवून वेगळा की-बोर्ड आणि माऊस जोडा. नाहीतर कितीही भारी खुर्ची घेतली तरी मान खालीच राहणार.

४. बहारीनची हवा आणि रेक्झिन

चित्रात सगळ्यात देखणी दिसते ती 'पीयू लेदर'ची खुर्ची. हे चामडे नव्हे, कापडावर चढवलेला प्लास्टिकचा थर असतो. उष्णता आणि दमटपणा यांनी तो हळूहळू सुटतो आणि मग काळे पापुद्रे कपड्यांना चिकटतात. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवेत किती ओलावा असतो ते सांगायला नको. त्यातून आपण त्याच दिवसांत एसी बंद करून, फ्लॅटला कुलूप लावून महिना-दीड महिना गावी जातो. बंद घरातल्या त्या उकाड्यात रेक्झिनचे आयुष्य आणखी कमी होते.

म्हणून इथे जाळीची पाठ आणि कापडी बैठक ही जोडी उत्तम. घाम येत नाही आणि पापुद्रे सुटत नाहीत. बैठकही जाळीचीच असेल तर तिची पुढची कडा कडक नाही ना, हे अभिप्रायांत शोधा. तशी असेल तर ती मांडीला काचते. फोमची बैठक असेल तर हाताने दाबून पाहता येत नाही, म्हणून सहा महिने-वर्षभर वापरलेल्यांचे अभिप्राय वाचा. पहिल्या दिवशी पाच तारे देणाऱ्याला बैठक दबते की नाही हे ठाऊकच नसते.

५. भक्कमपणाच्या खुणा

गॅस लिफ्ट : खुर्ची वर-खाली करणारा दांडा. त्यात दाबाखाली नायट्रोजन वायू असतो. कोणत्या मानकाप्रमाणे तपासला आहे आणि किती वजनाचा आहे, हे लिहिलेले असावे. वर्णनात काहीच नसेल तर विचारा.

मानके : युरोपचे ईएन १३३५ हे मानक रोज आठ तास वापर आणि ११० किलोपर्यंत वजन धरून केलेले आहे. अमेरिकेतल्या बिफ्मा या संस्थेचे एक्स ५.१ हे मानक सुमारे १२५ किलो (२७५ पौंड) वजनासाठी आहे. 'टेस्टेड' एवढाच शब्द असेल तर त्याला अर्थ नाही, मानकाचा क्रमांक हवा. तुमचे वजन आणि खुर्चीची मर्यादा यांत २०-२५ किलोंचे अंतर ठेवा.

पाया : पाच पायांचाच घ्या. भक्कम नायलॉन चालते, धातूचा अधिक टिकतो.

चाके : आपल्या फ्लॅटमध्ये फरशा असतात. कडक प्लास्टिकची चाके त्यावर घसरतात आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची झोप मोडतात. रबरासारख्या मऊ चाकांचा संच वेगळाही मिळतो. चाकाच्या दांड्याची जाडी बहुतेक खुर्च्यांत ११ मि.मी. असते, पण काहींत १० मि.मी. असते. मागवण्याआधी मोजा.

६. मुलांसाठी

वाढत्या मुलाला 'मोठेपणी उपयोगी पडेल' म्हणून मोठ्यांची खुर्ची घेणे, ही आपली शर्टाची सवय. शर्ट सैल चालतो, खुर्ची नाही. दहावी-बारावीचे वर्ष म्हणजे रोज शाळा सुटल्यावर चार-पाच तास टेबलाशी. त्याचे किंवा तिचे माप वेगळे घ्या. बैठक सरकणारी खुर्ची आणि पायाखाली चौरंग ही जोडी काही वर्षे पुरते, कारण मूल उंच झाले की चौरंग काढून टाकता येतो. गेमिंग खुर्च्यांचा मुलांना मोह असतो. त्यातल्या पुष्कळांची बैठक खोल असते आणि दोन्ही बाजूंच्या कडा उचललेल्या असतात. मुलाच्या हट्टाला नाही म्हणण्यापेक्षा त्याच्याच हातात टेप द्या.

७. पैसे, पत्ता आणि परत करणे

• आपला दिनार हजार फिल्सचा, म्हणून किंमत तीन दशांशांत असते. ४९.९०० म्हणजे जवळजवळ ५० दिनार. नवीन आलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो.
• व्हॅट २०१९ मध्ये ५ टक्के सुरू झाला आणि १ जानेवारी २०२२ पासून तो १० टक्के आहे. दिसणारा दर व्हॅटसह आहे का ते पाहा.
• दुबई किंवा सौदीच्या संकेतस्थळावरून मागवताना दिनारात हिशेब करा. एक डॉलर म्हणजे ०.३७६ दिनार. ५०० दिरहम म्हणजे सुमारे ५१ दिनार. त्यावर वाहतूक, व्हॅट आणि लागू असेल तर सीमाशुल्क येते. मोठ्या खोक्याची वाहतूक महाग असते, आणि परत पाठवायचा खर्च कोणाचा ते आधीच वाचा.
• शक्यतो इथेच दुकान असलेल्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या. म्हणजे आधी बसून पाहता येते. सलमाबादचे इकिया २०१८ पासून आहे, सनाबिसहून गाडीने फार लांब नाही. शुक्रवारी-शनिवारी जा, पंधरा मिनिटे एकाच खुर्चीवर बसून राहा, लाजू नका. मग घरी येऊन हवी तिथून मागवा.
• पत्ता फ्लॅट, बिल्डिंग, रोड आणि ब्लॉक असा चारही क्रमांकांसह द्या आणि जवळची खूण लिहा. नकाशावरचे ठिकाण फोनवर पाठवले की चालक नीट येतो. रमझानमध्ये वेळा बदलतात, ते धरून चाला.
• खोके जड असते. लिफ्ट बंद असेल तर माल दारापर्यंत येईल की खालीच ठेवतील, ते विचारा.
• खोके उघडताना फोटो काढा. पंधरा दिवस खोके आणि थर्मोकोल फेकू नका. आमची चूक हीच झाली.
• माल सदोष निघाला आणि इथला विक्रेता दाद देत नसेल तर २०१२ च्या ३५ क्रमांकाच्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली उद्योग आणि वाणिज्य मंत्रालयाच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे तक्रार करता येते. पावती जपून ठेवा. मात्र 'मापाला बसली नाही' हा दोष धरला जाईलच असे नाही, म्हणून परतीची अट आधी वाचा.

जुनी खुर्ची घ्यायलाही हरकत नाही. कायमचे भारतात परतणारे किंवा दुसऱ्या देशात जाणारे कुटुंब सामान काढते, तेव्हा चांगली ऑफिस खुर्ची स्वस्तात मिळते, आणि मुख्य म्हणजे बसून पाहता येते. दांडा हळूहळू खाली जात नाही ना, एवढे दहा मिनिटे बसून तपासा.

८. खुर्ची आल्यावर

आधी उंची लावा, मग बैठक, मग कमरेचा टेकू, शेवटी हात. मागे पूर्ण सरकून बसा. पोटरी आणि बैठकीची कडा यांत तीन-चार बोटे सहज गेली पाहिजेत. पहिल्या आठवड्यात रोज पाहा, मांडीला मुंग्या येतात का, खांदे उचलले जातात का. येत असतील तर परतीची मुदत संपायच्या आत निर्णय घ्या.

आणि एक गोष्ट कोणतीही खुर्ची करू शकत नाही, ती म्हणजे तुम्हाला उठवणे. अर्ध्या तासाने उठा, पाणी प्या, दोन फेऱ्या मारा. पायात बधिरपणा, अशक्तपणा किंवा पायापर्यंत जाणारी कळ असेल तर नवी खुर्ची शोधत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

थोडक्यात, मागवण्याआधी हे तपासा :

१. बैठकीची खोली माझ्या मापात आहे का?
२. बैठकीची सर्वांत कमी उंची किती? पायाखाली किती लागेल?
३. हात आणि कमरेचा टेकू वर-खाली होतात का?
४. जाळी/कापड की रेक्झिन?
५. वजनमर्यादा आणि मानकाचा क्रमांक दिला आहे का?
६. परतीची मुदत किती आणि खर्च कोणाचा?

आमच्या घरी दुसरी खुर्ची आली ती साधी, जाळीच्या पाठीची, आखूड बैठकीची. चित्रात अगदीच सामान्य दिसत होती. तिच्याखाली चौरंग आहे. सौ. आता पाठ टेकून बसते, आणि महिन्याभरात तिची तक्रार बरीच कमी झाली.

तुमच्या घरची मापे घेताना काही अडले तर पुढच्या कार्यक्रमात जरूर विचारा. टेप मी घेऊन येईन!

चूकभूल द्यावी घ्यावी.